वाद्य : बेंजो

मुदखेडच्या तहसीलसमोर, लिंबाच्या झाडाखाली, पंचशीला चौदंते गेली तीस-बत्तीस वर्षं टेबल टाकून बसते. रहिवासी दाखला, शपथपत्र, नावातली चूक दुरुस्त करायचा अर्ज, जे हवं ते ती टाईप करून देते. आता तिच्यापुढं कॉम्प्युटर आहे, पण जुना मराठी टाईपरायटरही टेबलाखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेला असतो. लाईट गेली की तो वर येतो, आणि मुदखेडात त्याला आळसावून पडायची संधी फारशी मिळत नाही. वय बावन्न. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर ती म्हणते, "तसा अर्ज लिहून आना, मंग सांगते." आजवर एकाचाही अर्ज आलेला नाही.

ही पंचशीला लातूरच्या एका रॉक बँडमध्ये वाजवते, असं तालुक्याला कळलं तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, रॉक म्हणजे गिट्टीच्या खाणीवरचं काहीतरी असणार. उरलेल्यांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिची म्हातारी आई चांगुणाबाई तेवढी शांत होती. ती म्हणाली, "बापाचं वारं हाय ते. मला ठावं हाय."

बाप म्हणजे भीमराव चौदंते. रेल्वेत गँगमन, आणि ड्युटी सुटली की गायन पार्टीत बेंजो वाजवणारा माणूस. बेंजो कुणी जवळून पाहिला नसेल तर सांगतो: लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर बटनांची रांग. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातानं नखी धरून तारा छेडायच्या. आपल्याकडं वरात त्याच्याशिवाय निघत नाही आणि भीमजयंतीचा कार्यक्रम तर नाहीच नाही. भीमरावांच्या बेंजोची प्लास्टिकची बटनं वाजवून वाजवून फुटली, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेल्या एका मराठी टाईपरायटरच्या कळा काढल्या आणि त्या जागी बसवल्या. हाताला आली ती कळ, मोकळी दिसली ती जागा. त्यामुळं बेंजोवर डावीकडून प, ख, र, म, ल, त अशी काहीच्या काही अक्षरं आली.

सारेगम भीमरावांना येत नव्हतं. ते पोरीला चाल अक्षरांतच सांगायचे, "दोनदा र, मंग म, दोनदा त, अन् ल वर जरा थांब." पोरगी वहीत उतरवून घ्यायची. अशा सहा वह्या तिच्याकडं आहेत. परक्या माणसाच्या हाती लागल्या तर त्याला वाटेल, कुणीतरी बाराखडीवर सूड उगवला आहे. पुढं ती टायपिंग शिकायला लागली आणि एक गंमत झाली. बाकीचे बेंजोवाले दोन बोटांनी वाजवतात. पंचशीलाची डाव्या हाताची चारही बोटं बटनांवर चालायला लागली, आणि तीही खाली न बघता. भीमराव ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "मी चालत गेलो तितं माझी लेक पळून राहिली."

नव्वद साली नांदेडच्या गोदातरंग संगीत समितीनं वार्षिक महोत्सवासाठी अर्ज मागवले. गोदातरंगच्या मंचावर बसलं की माणूस कलावंत झाला, असं तेव्हा मानत, आणि अजूनही मानतात. सतरा वर्षांच्या पंचशीलानं आयुष्यातला पहिला खराखुरा अर्ज टाईप केला तो वडिलांचा. नाव : भीमराव चौदंते. गाव : मुदखेड. वाद्य : बेंजो. समितीच्या नियमावलीत बावीस वाद्यांची यादी होती, ती दोघांपैकी एकानंही वाचली नव्हती. महिन्यानं अर्ज परत आला. 'बेंजो' या शब्दावर लाल शाईची रेघ, आणि शेजारी तीन शब्द : हे वाद्य नव्हे.

भीमराव हसले. अर्जाची घडी घालून त्यांनी ती बेंजोच्या झाकणात खोचून ठेवली. पुढं एकोणीस वर्षं, मरेपर्यंत, ते वाजवत राहिले. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी बेंजोला कधी वाद्य म्हटलं नाही. "पोरी, डबा आन गं," असं म्हणायचे. त्यांचा डबा ऐकायला दहा गावचे लोक यायचे, पण ते स्वतः त्याला डबा म्हणायचे, आणि पंचशीलाला ते दरवेळी टोचायचं. तो अर्ज तिनंच टाईप केला होता, रेघ तिच्या अक्षरांवर पडली होती.

आता लातूरकडं जाऊ.

लातुरात ट्यूशनच्या गल्लीत, एका बायोलॉजीच्या क्लासच्या डोक्यावर, रामलिंग बिराजदारचा गिटारचा क्लास आहे. रामलिंग मुरुडचा, बागायतदार घरातला, वय तीस. कॉलेजात असताना त्याला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बँडांचा नाद लागला. सदर्न रॉक म्हणतात त्याला. धुरळ्याच्या रस्त्यांची, नद्यांची, मालगाड्यांची आणि शेतात घाम गाळणाऱ्या माणसांची गाणी, आणि मागं दोन-तीन गिटारी एकमेकींशी भांडल्यासारख्या वाजतात. रामलिंगनं स्वतःचा बँड काढला. ड्रमवर अक्षरा सूर्यवंशी, जी दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि संध्याकाळी कातडं बडवायची. बँडचं नाव डेल्टा डस्ट. गाणी इंग्रजी, उच्चार अमेरिकन, श्रोते बायोलॉजीचे आणि तेही नाइलाजानं.

या संगीतात बँजो लागतो. अमेरिकेतला बँजो गोल, कातड्याचा, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा. तो वाजवणारा लातुरात कुठून मिळणार? रामलिंगनं तरी मोबाईलवर मजकूर फिरवला, 'बँडला बँजो वादक पाहिजे. संपर्क लातूर.' तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात जात पंचशीलाच्या जुन्या टायपिंगच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पोचला. तिनं तो वाचला, दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवलं, पॅसेंजरनं नांदेड गाठलं आणि तिथून लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं लातूर. मांडीवर बेडशीटमध्ये बांधलेला बेंजो.

रामलिंगनं दार उघडलं. समोर आईच्या वयाची बाई, हातात गाठोडं.

"जय भीम. बेंजोवाली पायजे होती ना?"

तिनं गाठोडं सोडलं. रामलिंग बघत राहिला. "काकू, हे... आमाला बँजो पायजे होता."

"मंग हे काय पोळपाट हाय?"

अक्षरा ड्रममागं वाकून हसायला लागली. रामलिंगनं मोबाईलवर अमेरिकेतला गोल बँजो दाखवला. पंचशीलानं चष्मा वर करून पाहिला. तिला चूक कळली आणि मन खट्टू झालं. सहा तास एसटी आणि रेल्वेत हाडं खिळखिळी करून आली होती बिचारी. पण आल्यासारखं वाजवून जावं म्हणून ती खाली बसली. "तुमचं एखादं गानं लावा. अन् काकू नगं, ताई म्हन."

रामलिंगनं गिटार धरली आणि इंग्रजीत एक मालगाडीचं गाणं म्हटलं. तिनं एक कडवं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला तिची डावी चार बोटं हलायला लागली, आणि तारांतून असा काही झणझणीत आवाज निघाला की रामलिंगचा अमेरिकन उच्चार मध्येच मुरुडला परत आला. गाणं संपलं तेव्हा खालचा बायोलॉजीचा तास थांबला होता आणि जिन्यावर पन्नास पोरं उभी होती.

"ताई," रामलिंग म्हणाला, "हे असं कुनी शिकवलं तुमाला?"

"गँगमननं," ती म्हणाली. "बरं, एक सांग. ती अमेरिकेतली मालगाडी सिग्नलला उभी ऱ्हाती का?"

"तसं गान्यात न्हाई."

"मंग त्याला मालगाडी काय म्हनायचं? आमच्या मुदखेडला येऊन बघ. तासतासभर उभी. अन् हे डेल्टा म्हंजे काय रे?"

"नदी समुद्राला मिळती तितला मुलूख."

"लातूरची मांजरा नदी कुठं मिळती समुद्राला?"

रामलिंगनं डेल्टा सोडून दिला. मग त्यानं सदर्न म्हणजे दक्षिणेकडचं, हे समजावून सांगितलं. पंचशीला म्हणाली, "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला पायजे? आमचं टेशन बी दक्षिण मध्य रेल्वेतच हाय." रामलिंग आणि अक्षरानं एकमेकांकडं पाहिलं. बँडचं नाव त्या क्षणी बदललं : दक्षिण मध्य. पहिलं गाणं त्याच आठवड्यात झालं.

*मालगाडी उभी हाय, सिग्नल काई देईना*
*मी बी हितंच उभी हाय, कुनी पुढं न्हेईना*

चाल पंचशीलाची, आणि ती तिनं नेहमीप्रमाणं अक्षरांत लिहून दिली. रामलिंगनं ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. अक्षराला त्यानं विचारलं तर ती म्हणाली, "नाव अक्षरा ठिवलं म्हनून सगळीच अक्षरं कळतेत का काय?" पण महिन्याभरात दोघांनाही ती लिपी आली, आणि पुढची सगळी गाणी तिच्यातच लिहिली गेली.

त्यानंतरची तीन वर्षं धावपळीची गेली. लातूरच्या पहिल्या कार्यक्रमात बेंजो दिसल्याबरोबर मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "वरात कुनाची हाय?" पंचशीलानं माईक ओढला. "तुझीच. बस घोड्यावर." सभागृह पडायचं बाकी राहिलं, आणि मग तासभर कुणी जागचं हललं नाही. उदगीरला वाजवलं, देगलूरला वाजवलं. किनवटच्या निवासी शाळेत वसतिगृहाच्या पोरींनी जेवणाची ताटं बडवून असा ठेका धरला की अक्षरानं ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि नुसती ऐकत बसली. हैदराबादला परदेशी संगीताचा मोठा मेळा होता; तिथल्या आयोजकांनीही 'बँजो' वाचून अमेरिकेतलाच समजला होता. बेडशीट सुटल्यावर एक जण म्हणाला, "ये क्या है, अम्मा?" पंचशीला म्हणाली, "बाजा है. ठैरो जरा, बजाके बताती." आणि बजाके बताया. त्या गाण्याचा व्हिडिओ पाच लाख लोकांनी पाहिला. तहसीलमधले कारकून तिला चहा सांगायला लागले. आधी ते तिच्याकडून प्यायचे.

मग गोदातरंगचं पत्र आलं.

समितीचं पन्नासावं वर्ष होतं, आणि रविवारच्या सकाळच्या सत्रासाठी दक्षिण मध्यला बोलावणं होतं. रामलिंग आनंदानं वेडा व्हायचा राहिला. त्याचे वडील मुरुडहून नेहमी सांगायचे, गोदातरंगवर बसशील तेव्हा मानीन की हे संगीत आहे. पत्रासोबत प्रत्येकानं भरायचा अर्ज होता. नाव, गाव, वाद्य. आणि नियमावली. यादीत तीच बावीस वाद्यं. पस्तीस वर्षांत त्यात ना एक वाढलं, ना एक कमी झालं.

पंचशीलानं लिहिलं, वाद्य : बेंजो. चार दिवसांनी समितीच्या सचिवांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा होता.

"ताई, तुमचं वादन मी स्वतः ऐकलंय, अप्रतिम आहे. फक्त ते नाव यादीत बसत नाही हो. मेंडोलिन लिहा. मेंडोलिन यादीत आहे. कोण बघतंय?"

"मी बघून राहिले ना," पंचशीला म्हणाली.

रामलिंगचाही फोन आला. "लिवा की ताई. नाव काई बी असू द्या, आवाज तर तुमचाच ऱ्हानार."

तिनं बेंजोच्या झाकणातून तो पिवळा पडलेला अर्ज काढला आणि फोनवर वाचून दाखवला. लाल रेघेसकट. "माझ्या बापानं त्याला एकोनीस वर्सं डबा म्हनलं रे. अन् मी आता मेंडोलिन म्हनू? तुमी जावा. तुमचं गिटार हाय यादीत, ड्रम हाय. मला राग न्हाई." राग नव्हता हे खरं होतं. पण फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि रडली. ज्या मंचासाठी बाप झुरला तो हाताच्या अंतरावर आला होता, आणि आडवा आला होता एक शब्द.

आठ दिवस लातूरहून काहीच आलं नाही. नवव्या दिवशी भर दुपारी ती टेबलावर होती. समोर सातबारावाले, दाखलेवाले मिळून पाच-सहा जणांची रांग. रांगेच्या शेवटी रामलिंग आणि अक्षरा. तिनं पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. त्यांचा नंबर आला तेवढ्यात लाईट गेली. तिनं टेबलाखालून टाईपरायटर काढला, पोतं झटकलं, कागद चढवला.

"काय लिवायचं?"

"गोदातरंगचे अर्ज, तीन. आधीचे माघारी घेतले आमी."

"नाव?"

"रामलिंग बिराजदार. गाव मुरुड."

खटखट झाली. "वाद्य?"

"बेंजो."

पंचशीलाची बोटं थांबली. "गिटार म्हन."

"तुमी लिवा ताई. आमच्या गावात लग्नाला बेंजो सांगितला म्हंजे काय येतं? एकटी पेटी येती का? ढोल येतो, ताशा येतो, कॅसिओ येतो, कधी गिटार बी येतं. अन् लोक काय म्हनतात? बेंजो आला म्हनतात. सगळ्यालाच बेंजो म्हनतात आपल्यात. मी बेंजोत हाय. ही बी बेंजोत हाय."

"मी बी बेंजो," अक्षरा म्हणाली. "ह्यानं सहा दिवस तुमच्याबिगर सराव करून बघितला ताई. समद्या वह्या तुमच्या अक्षरांत. गिटारवर त कुठं असतो, सांगा बरं?"

"माझ्या वडलांनी काई बी म्हनू द्या," रामलिंग म्हणाला. "तुमच्या वडलांचं आधी."

पंचशीलानं तिन्ही अर्ज टाईप केले. तिन्हींवर एकच वाद्य. एकही अक्षर चुकलं नाही. रांगेतल्या मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बेंजोचा बी दाखला लागतो का आता?" तेव्हा ती तिघं पोट धरून हसली.

गोदातरंगमध्ये मात्र कुणी हसलं नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, दक्षिण मध्यचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि सगळी तिकिटं त्याच नावावर गेली होती. बँडला काढावं तर लोक दारात उभे राहणार, ठेवावं तर यादी आडवी येणार. एकाचं नाव खोडता आलं असतं. तिघांचं खोडलं तर मंचावर उरतंय कोण? सचिवांनी सभा बोलावली. सभेत काय काय झालं ते कळलं नाही, पण दोन दिवसांनी पंचशीलाच्या टेबलावर टपालानं नियमावलीची नवी प्रत आली. बावीस वाद्यं छापलेली, आणि खाली निळ्या शाईनं हातानं लिहिलेलं, २३. बेंजो. तिनं तो कागद चांगुणाबाईंना वाचून दाखवला. चांगुणाबाईंनी तो हातात घेतला, तेवीस आकड्यावरून बोट फिरवलं आणि चुलीकडं गेल्या. त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

रविवारी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. मुदखेडहून गायन पार्टीतले जुने लोक आले होते, धोतर-टोपीत मुरुडचे रामलिंगचे वडील आले होते, किनवटच्या पोरी ताटं घेऊन आल्या होत्या. चांगुणाबाई पहिल्या रांगेत, नव्या पांढऱ्या पातळात, पाय खाली टेकत नव्हते म्हणून ताठ बसलेल्या. मंचावर निवेदक अर्ज हातात घेऊन उभे राहिले आणि रिवाजाप्रमाणं वाचायला लागले.

"रामलिंग बिराजदार, मुरुड. वाद्य, बेंजो."

लोकांनी त्याच्या गळ्यातली गिटार पाहिली आणि हशा पिकला.

"अक्षरा सूर्यवंशी, लातूर. वाद्य..." निवेदकांनी कागद जवळ घेतला, "बेंजो."

आता टाळ्याच. निवेदकांनाही हसू आवरेना. मग त्यांनी तिसरा अर्ज घेतला.

"पंचशीला भीमराव चौदंते, मुदखेड. वाद्य, बेंजो."

टाळ्या सुरू व्हायच्या आत पहिल्या रांगेतून चांगुणाबाई उभ्या राहिल्या. कानाला हात लावला. "काय म्हनलात? मला ऐकू कमी येतं. पुन्हा सांगा."

चांगुणाबाईंना घरात बसून रेल्वेचं फाटक पडलेलं ऐकू येतं, हे पंचशीलाला चांगलं माहीत होतं.

निवेदकांनी पुन्हा वाचलं. "पंचशीला भीमराव चौदंते."

"भीमरावच म्हनलात ना?"

"हो आजी. भीमराव."

"अन् पुढं?"

"वाद्य, बेंजो."

"काय बेंजो?"

निवेदकांनी कागदावरून नजर वर केली. त्यांना काही माहीत नव्हतं, पण म्हातारीचा चेहरा पाहून ते माईकच्या अगदी जवळ आले आणि सावकाश म्हणाले, "वाद्य, आजी. बेंजो हे वाद्य आहे."

"हाव," चांगुणाबाई म्हणाल्या. "मंग वाजवू द्या तिला." आणि खाली बसल्या.

पंचशीलाचे डोळे असे भरून आले की कळांवरचं एकही अक्षर तिला दिसेना. पण टाईपिस्टला अक्षरं बघावी लागत नाहीत. तिनं नखी उचलली, रामलिंगकडं पाहून मान हलवली, आणि मालगाडी सोडली.